इंजिन आहे, पण हाताशी आहे का?

आजचा भाग मी चेन्नईहून करतोय. विषय आहे मालगाडीच्या इंजिनांचा. कोणतं इंजिन कुणाच्या नावावर असतं आणि गरज पडली की त्यातली किती खरोखर मिळतात, हे आज पाहू. विषय रुक्ष वाटेल, म्हणून सुरुवात पाण्यापासून करतो.

२०१९ चा जून. पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चेन्नईला पाणी पुरवणारे चारही तलाव जवळजवळ कोरडे पडले होते. शहराला रोज साधारण ८३ कोटी लिटर पाणी मिळायचं, ते ५२ कोटींच्या आसपास आलं होतं. आमच्या इमारतीत टँकरची वाट बघत लोक बादल्या घेऊन जिन्यात बसायचे. शेवटी सरकारनं रेल्वेनं पाणी आणायचं ठरवलं. १२ जुलैला जोलारपेट्टैहून कावेरीचं पाणी भरलेली पहिली गाडी विल्लिवाक्कमला आली. पन्नास वाघिणी, सुमारे २५ लाख लिटर पाणी.

दोन-तीन दिवसांनी मीही विल्लिवाक्कमला जाऊन उभा राहिलो. तिथूनच लातूरच्या मावशीला फोन लावला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, तेव्हा पहाटे उठून स्टेशनवर गेलेल्यांत ती होती. ती म्हणाली, "तुमच्याकडं पण आली का रे? बरं झालं बाबा. पण मला सांग, ही इंजिनं आणतात कुठून? कुठली तरी गाडी बंद करूनच आणत असतील ना?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. 'रेल्वेकडे हजारो इंजिनं आहेत गं' एवढंच बोलून मी विषय टाळला. नंतर लक्षात आलं की तिनं विचारलेला प्रश्न रेल्वेत रोज, चोवीस तास विचारला जातो. दीडशे वर्षांपूर्वी याच मद्रासच्या किनाऱ्यावर तो विचारला गेला होता, आणि तेव्हा उत्तर न मिळाल्यामुळे माणसं मेली होती.

तीन वेगळे आकडे

इंजिनाच्या अंगावर, नंबराच्या आसपास, गावाच्या नावाची काही अक्षरं रंगवलेली असतात. एजेजे म्हणजे अरक्कोणम, ईडी म्हणजे ईरोड, बीएसएल म्हणजे भुसावळ. इंजिन देशात कुठंही फिरत असलं तरी त्याचं घर ते शेड. तपासणीला ते तिथं परततं आणि त्याची वही तिथं असते. एखाद्या शेडच्या नावावर जेवढी इंजिनं लागलेली असतात, तो झाला पहिला आकडा. वार्षिक अहवालात आणि मंत्र्यांच्या भाषणात येतो तो हाच.

दुसरा आकडा त्याहून लहान असतो. नावावरच्या इंजिनांतली काही शेडमध्ये तपासणीला उभी असतात. विजेच्या इंजिनांना ठरावीक दिवसांनी आयए, आयबी, आयसी अशा पायऱ्यांच्या तपासण्या असतात. काही वर्षांनी मोठी दुरुस्ती येते, ती कारखान्यात होते. चेन्नईत त्यासाठी पेरांबूरचा लोको कारखाना आहे. काही इंजिनं वाटेतच बिघडून पडतात, काही एखाद्या सुट्या भागाची वाट बघत उभी राहतात. ही सगळी वजा केली की उरतात ती चालू इंजिनं.

तिसरा आकडा सगळ्यात लहान. चालू इंजिनांपैकी आज, या वेळी, या ठिकाणी, या कामाला लावता येतील अशी किती? एखादं इंजिन चालू आहे, पण चारशे किलोमीटरवर आहे. दुसरं इथंच आहे, पण त्याला हव्या त्या दिशेची गाडी तीन तासांनी आहे. तिसरं घाटाच्या पायथ्याला बँकर म्हणून बांधलेलं आहे. कसारा किंवा कर्जतच्या घाटात गाडीला मागून रेटा देणारी जोडइंजिनं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती ठणठणीत असतात, पण घाट सोडून दुसऱ्या कामाला देता येत नाहीत. ती काढली तर घाटच बंद पडेल.

विभागाच्या नियंत्रण कक्षात हा तिसरा आकडा सांभाळणारा माणूस असतो. डिझेलच्या बाजूला त्याला पॉवर कंट्रोलर म्हणतात, विजेच्या बाजूला ट्रॅक्शन लोको कंट्रोलर. पाण्याची गाडी सोडायचा हुकूम वरून येतो, तेव्हा इंजिन शोधायचं काम याच्या टेबलावर येतं. मावशीचा अंदाज बरोबर होता. फुकट बसलेलं इंजिन क्वचितच असतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचं वळवावं लागतं.

आता चेन्नईच्या पाण्याचा हिशेब बघा. रोज एक कोटी लिटर आणायचं ठरलं होतं, म्हणजे चार फेऱ्या. जोलारपेट्टै ते चेन्नई अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आत आहे. भरायला वेळ, यायला वेळ, रिकामं करायला वेळ, परत जायला वेळ. त्यात मालगाडीला प्रवासी गाड्यांसाठी बाजूला थांबावं लागतं. भरायला लागणारे तास वाढले की त्याच फेऱ्यांसाठी जास्त वाघिणी आणि जास्त इंजिनं अडकतात. म्हणून पाण्याच्या गाडीत नळाचा व्यास इंजिनाच्या ताकदीइतकाच महत्त्वाचा ठरतो. वाहतुकीतली बरीचशी टंचाई अशीच असते. वाहन असतं, पण ते कुठं तरी खोळंबलेलं असतं.

मद्रासमधली 'मराठा' रेल्वे

चेन्नई सेंट्रल स्टेशनच्या शेजारी दक्षिण रेल्वेचं मुख्यालय आहे. १९२२ साली उघडलेली ती भव्य दगडी इमारत. चेन्नईत येणारे बहुतेक मराठी लोक तिच्यासमोरून रिक्षानं जातात, पण ती कुणासाठी बांधली होती हे फारसं कुणाला माहीत नसतं. ती बांधली मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे या कंपनीनं.

नावात मराठा कसा आला? १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे नावाची कंपनी निघाली. इंग्रज ज्याला 'सदर्न मराठा कंट्री' म्हणत, तो बेळगाव, धारवाड, विजापूर, सांगली, मिरज असा सगळा पट्टा. तिचं मुख्यालय धारवाडला होतं. त्या इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज आलं. पुणे–मिरज–बेळगाव–लोंढा हा मार्ग याच कंपनीचा. १८९१ साली कोल्हापूर संस्थाननं मिरजेपर्यंत रेल्वे आणली, तीही हीच कंपनी चालवत असे. १९०८ मध्ये जुन्या मद्रास रेल्वेचा मोठा भाग आणि ही सदर्न मराठा एकत्र करून नवी कंपनी झाली आणि मुख्यालय मद्रासला आलं. म्हणजे मिरजेच्या किंवा बेळगावच्या यार्डात किती इंजिनं ठेवायची, याचा शेवटचा शब्द बंगालच्या उपसागराच्या काठावरून येऊ लागला. हे बराच काळ चाललं. १९४४ मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. १४ एप्रिल १९५१ ला दक्षिण रेल्वे स्थापन झाली, आणि १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे वेगळी निघेपर्यंत पुणे–मिरज हा मार्ग मद्रासच्याच अखत्यारीत होता.

इंजिनांच्या दृष्टीनं या कंपनीची गंमत वेगळी होती. मद्रासकडचा तिचा मुख्य भाग ब्रॉडगेज, त्याची इंजिनं पेरांबूरच्या कारखान्यात दुरुस्त होत. मराठा मुलखातला भाग मीटरगेज, त्याची इंजिनं हुबळीच्या कारखान्यात. कंपनी एक, मालक एक, ताळेबंद एक, पण ताफे दोन. मद्रासला दहा इंजिनं रिकामी उभी असली आणि मिरजेला मालाच्या वाघिणी खोळंबल्या असल्या, तरी त्यांचा उपयोग नव्हता. रुळांमधलं अंतरच वेगळं.

असं का केलं? त्यासाठी १८७७ मध्ये जावं लागेल.

किनाऱ्यावरची पोती

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ दक्षिण भारतातल्या सर्वांत भयंकर दुष्काळांपैकी एक. मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याचा दक्षिण भाग त्यात होरपळला. मृतांची संख्या ५० लाखांहून जास्त धरली जाते. तेव्हा रेल्वे नव्हती असं नाही. १ जुलै १८५६ ला मद्रासच्या रॉयापुरमहून दक्षिणेतली पहिली गाडी अर्काटकडे, आजच्या वालाजा रोडला गेली होती. १८७१ मध्ये मुंबईहून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि मद्रास रेल्वे रायचूरला जोडल्या गेल्या होत्या. मुंबई आणि मद्रास रुळानं एक झाले होते.

बंगाल आणि ब्रह्मदेशाहून जहाजांनी धान्य मद्रासला येत होतं. किनाऱ्यावर पोत्यांचे डोंगर रचले गेले. आत बळ्ळारी, कडप्पा, सेलमकडे लोक उपाशी मरत होते. मधल्या एकेरी मार्गावर जेवढ्या गाड्या आणि जेवढी इंजिनं होती, तेवढंच धान्य आत जाणार. विकत घ्यायला पैसे नसलेल्या माणसाला आलेलं धान्यही मिळत नव्हतं. ती या दुष्काळाची दुसरी आणि मोठी बाजू, सरकारच्या धोरणाची. पण किनाऱ्यावर धान्य पडून राहणं ही शुद्ध वाहतुकीची गोष्ट होती. रेल्वेचा नकाशा बघून 'इथं रेल्वे आहे' म्हणणं सोपं होतं. त्या रेल्वेवर एका दिवसात किती ओझं जाऊ शकतं, हा प्रश्न दुष्काळ दारात आल्यावरच विचारला गेला.

आणि बेळगाव, धारवाड, कलादगी या जिल्ह्यांत तर रेल्वेच नव्हती. पोती बैलगाडीनं जायची, आणि दुष्काळात बैलांनाच चारा-पाणी नव्हतं. याच अनुभवातून १८८० च्या दुष्काळ आयोगानं रेल्वे वाढवण्यावर भर दिला आणि सदर्न मराठा रेल्वे ही 'दुष्काळी लाइन' म्हणून जन्माला आली. मात्र पैसा वाचवायचा म्हणून ती मीटरगेज झाली. मार्ग मिळाला, पण शेजारच्या ब्रॉडगेज रेल्वेचं इंजिन संकटात उसनं घेण्याची सोय राहिली नाही. ज्या कारणासाठी रेल्वे बांधली, त्याच कारणाच्या आड तिचे रूळ येत होते.

मिरजेचे तीन गेज

या सगळ्याचं मूर्त रूप म्हणजे मिरज जंक्शन. पुणे–बेळगावची मीटरगेज तिथून जायची. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूरकडे जाणारी बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी नॅरोगेज होती. नंतर, १९७१ च्या सुमारास, पुणे–मिरज–कोल्हापूर ब्रॉडगेज झाली. काही वर्षं एकाच जंक्शनवर तिन्ही रुंदीचे रूळ नांदत होते. रेल्वेप्रेमींना ते कौतुकाचं वाटायचं. हमालांना विचारा, त्यांना ते तेच पोतं तिसऱ्यांदा उचलणं वाटायचं. इंजिनांचा हिशेब ठेवणाऱ्यासाठी तर ती एकमेकांना मदत न करू शकणारी तीन वेगळी राज्यं होती.

आता २०१६ कडे या. १२ एप्रिलच्या पहाटे लातूरला पोचलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. नळ टाकून भरण्याची गती वाढवल्यावर पुढे पन्नास वाघिणींची गाडी जाऊ लागली. वाघिणी राजस्थानातल्या कोटा इथल्या कारखान्यात साफ करून आणल्या होत्या. कोट्याहून मिरज आणि मिरजेहून लातूर, कुठंही गाडी बदलावी लागली नाही.

हे शक्य झालं, कारण कुर्डुवाडी–लातूर आणि मिरज–पंढरपूर या जुन्या नॅरोगेज मार्गांचं रूपांतर २०१६ च्या आधी काही वर्षांतच पूर्ण झालं होतं. हाच दुष्काळ १९९० मध्ये पडला असता तर? देशभरात हजारो इंजिनं आणि लाखो वाघिणी असूनही मिरज–लातूर मार्गावर त्यातलं एकही चाक चाललं नसतं. बार्शी लाइनच्या छोट्या इंजिनांवर सगळी भिस्त राहिली असती.

एक गोष्ट अजून. २०१६ मध्ये त्या मार्गावर विजेच्या तारा नव्हत्या, म्हणून डिझेल इंजिनच हवं होतं. तीन वर्षांनी जोलारपेट्टै–चेन्नईला तारा होत्या, तिथं विजेचं इंजिन चालणार होतं. म्हणजे 'किती इंजिनं' या प्रश्नाला 'कोणती' हा उपप्रश्न कायम चिकटलेला असतो.

तांबरमचं बेट

चेन्नईतच याचं आणखी ठळक उदाहरण आहे. १९३१ मध्ये साउथ इंडियन रेल्वेनं मद्रास बीच ते तांबरम ही मीटरगेज लाइन विजेवर आणली. मालासाठी काही छोटी विजेची इंजिनं घेतली. पण मालाच्या सायडिंगवर सगळीकडे तारा नव्हत्या. तिथं जाता यावं म्हणून इंजिनाला बॅटऱ्यांची वेगळी गाडी जोडत. तार संपली की बॅटरीवर चालायचं. इंजिन मोकळं आहे पण तिथं जाऊ शकत नाही, या दुखण्यावर काढलेला तो शहाणा तोडगा होता.

१९६० च्या दशकात विजेचा प्रकार बदलला, तारा विल्लुपुरमपर्यंत गेल्या आणि जपानहून वायएएम-१ जातीची वीस इंजिनं आली. भारतात मीटरगेजवर २५ हजार व्होल्टच्या तारा फक्त याच पट्ट्यात होत्या. त्यामुळे ही वीस इंजिनं कायमची इथलीच. त्यातलं एक जास्त झालं तर दुसऱ्या विभागाला देता येत नव्हतं, आणि तीन एकदम बिघडली तर कुणाकडून मागता येत नव्हतं. अशा बेटावर सुट्या इंजिनांची राखीव संख्या जास्त ठेवावी लागते, कारण शेजारी नसतो. २००४ च्या सुमारास इथली मीटरगेज संपली आणि ती इंजिनंही इतिहासजमा झाली. मोडकळीला आली म्हणून ती गेली नाहीत. त्यांच्या पायाखालची जमीन गेली.

आपल्या मुंबईचीही हीच कथा होती. १९२५ पासूनच्या १५०० व्होल्ट डीसी तारांमुळे मुंबईची विजेची इंजिनं इगतपुरी आणि पुण्याच्या पलीकडे जाऊ शकत नव्हती. घाटात चालणारं ते लांब नाकाडाचं जुनं मालइंजिन, ज्याला आपण खेकडा म्हणायचो, ते आयुष्यभर याच तारांखाली राहिलं.

ब्रिटनमध्ये काय झालं

शेडच्या नावावर इंजिन लावायची ही पद्धत आपण ब्रिटिशांकडून घेतली. तिकडे प्रत्येक वाफेच्या इंजिनाच्या तोंडावर शेडच्या खुणेची छोटी पाटी असायची. वाफेच्या काळात या पाटीला फार अर्थ होता. वाफेचं इंजिन रोज आपल्या शेडकडे ओढलं जायचं. राख काढायची, कोळसा भरायचा, पाणी घ्यायचं, फिरवायचं. काही दिवसांनी बॉयलर थंड करून आतला क्षार धुवायचा. पाणी जड असलेल्या भागात हे जास्त वेळा करावं लागे. चोवीस तासांतले कितीतरी तास इंजिन चालू असूनही गाडी ओढत नसे.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर यावर उपाय म्हणून डब्ल्यूजी हे एकाच नमुन्याचं मालइंजिन मोठ्या संख्येनं बांधलं. पहिली ग्लासगोहून आली. १९५० मध्ये चित्तरंजनचं पहिलं इंजिन 'देशबंधू' निघालं, आणि १९७० मध्ये शेवटचं 'अंतिम सितारा'. एक नमुना असण्याचा फायदा हा की एका शेडचा सुटा भाग दुसऱ्या शेडच्या इंजिनाला बसतो. मग दुरुस्तीसाठी उभी राहणारी इंजिनं कमी होतात.

ब्रिटननं त्याच काळात ९एफ नावाची २५१ दणकट मालइंजिनं बांधली, १९५४ ते १९६० मध्ये. १९६८ पर्यंत ती सगळी सेवेतून गेली. काहींचं आयुष्य सात-आठ वर्षांचंसुद्धा झालं नाही. डिझेल आलं, माल ट्रककडे गेला आणि चांगली इंजिनं भंगारात निघाली. पुढे ब्रिटिश रेलनं अमेरिकेच्या सदर्न पॅसिफिक रेल्वेकडून टॉप्स नावाची संगणक प्रणाली घेतली. १९७५ पर्यंत ती देशभर लागू झाली. कोणतं इंजिन आणि कोणती वाघीण आत्ता कुठं आहे, हे पडद्यावर दिसू लागलं. जी माहिती आधी फोनवर, खडूनं फळ्यावर लिहून सांभाळली जायची, ती एका ठिकाणी आली.

१९९० च्या दशकात तिकडची मालवाहतूक खासगी झाली. नव्या मालकांनी जुनी अनेक प्रकारची इंजिनं सांभाळण्याऐवजी क्लास ६६ या एकाच जातीची २५० इंजिनं मागवली. ती कॅनडात बांधली गेली, १९९८ पासून आली. त्यांचा हिशेब साधा होता: शंभर इंजिनं नावावर ठेवून साठ चालवण्यापेक्षा सत्तर ठेवून पासष्ट चालवणं स्वस्त. पुढे यातली अनेक इंजिनं फ्रान्स आणि पोलंडला कामाला गेली. ब्रिटन आणि फ्रान्सच्या रुळांची रुंदी एकच आहे, म्हणून ती जाऊ शकली. तांबरमच्या वीस इंजिनांना ही सोय नव्हती.

माल हलला की इंजिन हलतं

चेन्नईतही असा प्रसंग आला. शहराच्या बंदरात कोळसा आणि लोखंडाचं खनिज उतरायचं, चढायचं. बळ्ळारी–होसपेटचं खनिज घेऊन गाड्या थेट बंदरापर्यंत यायच्या. धुळीनं उत्तर चेन्नईतल्या वस्त्या काळवंडल्या होत्या. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं ऑक्टोबर २०११ पासून हा धुळीचा माल चेन्नई बंदरात बंद झाला आणि कोळसा उत्तरेकडच्या एन्नोर बंदरातून जाऊ लागला. लोकांना श्वास घेता आला. पण इंजिनांच्या वाटपाच्या दृष्टीनं बघा: एका रात्रीत मागणीचं ठिकाण हललं. पूर्वी बंदराच्या यार्डात लागणारी इंजिनं आता दुसरीकडे हवी होती. ताफ्याचा एकूण आकडा तोच राहिला, तिसरा आकडा मात्र प्रत्येक यार्डात बदलला.

आज वाटपाची पद्धत पुन्हा बदलते आहे. मधेपुऱ्यात बांधल्या जाणाऱ्या बारा हजार अश्वशक्तीच्या डब्ल्यूएजी-१२ इंजिनांसाठी देखभालीचे दोन तळ ठरले, एक सहारनपूरला आणि दुसरा आपल्या नागपूरला. ८०० इंजिनांचा हा करार आहे आणि देखभालीत बांधणाऱ्या कंपनीचाही वाटा आहे. नुसतं इंजिन विकून मोकळं होण्यापेक्षा ते चालू ठेवण्याची जबाबदारी घेणं, हा बदल मला महत्त्वाचा वाटतो.

मावशीला उत्तर

मग आता मावशीला काय सांगू? हो मावशी, इंजिन कुणाच्या तरी वाट्याचं वळवूनच आणतात. पण ते वळवता येतं, हीच मोठी गोष्ट आहे. १८७७ मध्ये वळवण्याजोगं फारसं काही नव्हतं. १९०८ ते १९६६ या काळात मद्रासचं इंजिन मिरजेला देता येत नव्हतं. २०१६ मध्ये कोट्याच्या वाघिणी लातूरला आल्या. एप्रिल २०२१ मध्ये कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला गेली. घाटातली उंचीची अडचण टाळायला ती वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घालून गेली आणि भरून नागपूर-नाशिकला परतली. मे महिन्यात तशीच गाडी चेन्नईच्या तोंडियारपेटला आली. वळसा घेऊनही जाता येतं, हे एका गेजचं देणं आहे.

एक कबुलीही द्यायला हवी. चेन्नईची पाण्याची गाडी ठरल्याप्रमाणे रोज एक कोटी लिटर आणत राहिली, तरी ते शहराच्या त्या वेळच्या कमी केलेल्या पुरवठ्याच्या सुमारे दोन टक्केच होतं. तमिळनाडू सरकारनं त्यासाठी ६५ कोटी रुपये मंजूर केले. तलाव गाळानं भरू देऊन, पाणथळ जागांवर इमारती उभ्या करून मग इंजिन शोधायला निघालो तर इंजिन फार पुरं पडणार नाही. रेल्वे वेळ विकत घेऊन देते. त्या वेळात काय करायचं, ते गावानं आणि शहरानं ठरवायचं असतं.

पुढच्या वेळी फाटकात अडकाल आणि समोरून लांबलचक मालगाडी जाईल, तेव्हा इंजिनाच्या अंगावरची ती छोटी अक्षरं वाचा. कुठल्या गावचं इंजिन आज तुमच्या गावात काम करतंय, ते कळेल. आणि चेन्नईला आलात तर सेंट्रल शेजारच्या त्या दगडी इमारतीसमोर एक मिनिट थांबा. तिच्या जुन्या नावात आपला मुलूख आहे, आणि त्या नावाच्या मुळाशी एक दुष्काळ आहे.